रॉड बनवायला लेथ कोणता घ्यावा?

इथे मिशिगनमध्ये मी हौसेने फ्लाय रॉड, म्हणजे मासे पकडायच्या लवचिक काठ्या, बनवतो. नोकरीची सुरुवात कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत, लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून तिला आकार देणाऱ्या यंत्रावर झाली. त्यामुळे या नादाला नव्याने लागलेली मंडळी लेथ घेण्याआधी मला विचारतात. मी आधी विचारतो, त्यावर करणार काय?

रॉडच्या कामात फिरवाफिरवी तीन ठिकाणी लागते. दोऱ्याने गाइड (मासेमारीची दोरी ओवायच्या कड्या) बांधताना ब्लँक (रॉडची नुसती काठी) इतका सावकाश फिरावा लागतो की प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून बसलेला डोळ्यांना दिसेल. त्यावर इपॉक्सी (वाळून कडक होणारा लेप) लावल्यावर मिनिटाला पाच ते पंधरा फेरे पुरतात, पण ते काही तास अखंड हवेत, नाहीतर इपॉक्सी ओघळून खालच्या बाजूला थेंब धरते. या दोन्हींसाठी लेथ नकोच. खोक्याला दोन खाचा पाडून हाताने दोरा गुंडाळता येतो, आणि वाळवायला जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी छोटी मोटर चालते. जाहिरातीत ‘रॉड लेथ’ म्हणून दिसणारं यंत्र बरेचदा दोरा गुंडाळण्यासाठीचं असतं, तेव्हा नीट चौकशी करा.

उरली मूठ. कॉर्कच्या रिंगा साधारण सव्वा इंच व्यासाच्या, अर्धा इंच जाड, मधे पाव इंचाचं भोक. सात इंची मुठीला अशा १४ लागतात. मेण चोळलेल्या पाव इंची सळईवर त्या ओळीने चिकटवायच्या, रात्रभर दाबून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी लेथवर फिरवत सँडपेपरने घासायच्या. ८० नंबरने आकार, मग १२०, २२०, ३२०. हजारेक आरपीएम भरपूर झाले. एवढ्यासाठी लाकूडकामाचा छोटा, टेबलावर मावणारा लेथ पुरतो. दोन सेंटरमधे (काम दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या टोकांमधे) १४ इंच अंतर असलं की झालं.

माझ्यासारख्या कारखान्यातून आलेल्यांचा ओढा लोखंड कापायच्या लेथकडे असतो. घेऊ नका. सँडपेपरची कच तेलकट बेडवर (लेथचे भाग ज्यावरून सरकतात त्या पायावर) पडते आणि बेड झिजवते. शिवाय तिथली अचूकता इथे वायाच जाते, कारण मूठ शेवटी तळव्याने तपासायची असते, मायक्रोमीटरने नाही.

अपवाद एकच: मूठ ब्लँकवर चिकटवून तिथेच घासायची असेल, तर ब्लँक स्पिंडलमधून (लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यातून) आरपार जायला हवा. लाकूडकामाच्या छोट्या लेथच्या स्पिंडलचं भोक बहुधा १० मिलिमीटरच्या आसपास असतं, सात इंच व्यासापर्यंतचं काम घेणाऱ्या लोखंडकामाच्या मिनी लेथचं २०. पण बाहेर आलेल्या ब्लँकला रोलरचा आधार नसेल तर तो चाबकासारखा उसळतो. नवशिक्याने मूठ वेगळीच करावी, निमुळत्या रीमरने (भोक मोठं करायच्या हत्याराने) भोक ब्लँकच्या मापाचं करावं आणि मग बसवावी.

जुना लेथ बघायला गेलात तर टेलस्टॉक (लेथचा सरकता, मागचा भाग) पुढे सरकवून दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवून बघा. समोरासमोर येत नसतील तर परत या. स्पिंडल हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून कापून मागा. मास्क मात्र नवा घ्या, कॉर्कची धूळ फार बारीक असते. वाचलेले पैसे चांगल्या कॉर्कमध्ये घाला. स्वस्त रिंगांच्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरलेली असते, आणि ती घासताना हमखास निघते.