दुकानात युनियन काढायचीय? मग आधी हे बघा

युनियनचं नाव काढलं की मॅनेजर म्हणतो, मग काम कोण करणार? अहो पण दिवसभर उभं राहून पाय सुजलेली मुलगी रात्री आठला गिऱ्हाईकाला विसावी साडी हसत उलगडून दाखवेल का, तुम्हीच सांगा. केरळात कोझिकोडच्या ‘पेनकूट्ट’ संघटनेच्या विजी आणि दुकानांतल्या बायकांनी नेमकं हेच लावून धरलं, तेव्हा कुठे २०१८ ला तिथल्या कायद्यात बसायचा हक्क आला, मग २०२१ ला तमिळनाडूतही.

तर सुरुवात एकाच मागणीने करा, स्टूल किंवा टॉयलेटला जायची सुट्टी, पगारवाढ नंतर. रोज वहीत लिहा, किती वाजता आलो, शटर कधी पडलं, कारण ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे आणि तोंडी हिशोब कुणी मानत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझर नको (असतोच एखादा घुसलेला!). नोंदणीला किमान ७ सभासद लागतात, दुकान छोटं असेल तर शेजारच्या दुकानांतले पण धरा.

आता कामाचं. युनियन झाली म्हणून लगेच सेल वाढत नाही, नुसती वर्गणी गोळा करणारा नेता मिळाला तर मूड अजून खराब होतो. पण तक्रार ऐकली जाते म्हटल्यावर माणसं नोकरी सोडून पळत नाहीत, आणि जुन्या सेल्समनला कुठला माल कुठल्या रॅकवर ते पाठ असतं, मालकाशी बोलताना हाच मुद्दा आधी काढा. आणि वर्गणीची पावती प्रत्येकाला द्या, १० रुपये असले तरी.