माडाच्या व्हिनेगरवरून विचरण स्थिरांक कसा काढावा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सोरपोतेलसाठी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणलंत, की त्यातलं १० मिली बाजूला काढा. एवढ्यात काम भागतं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड हे सौम्य आम्ल. पाण्यात त्याचे थोडेच रेणू फुटून हायड्रोजन आयन सोडतात. ही फुटण्याची ओढ किती, ते विचरण स्थिरांक सांगतो. त्याला केए म्हणतात, आणि आकडा फारच लहान म्हणून त्याचा उणे लॉग घेतला की पीकेए मिळतो.

मुलं दरवर्षी विचारतात, कोकमाचं आगळ का नको? त्यातलं मुख्य आम्ल एकेका रेणूमागे तीन हायड्रोजन सोडतं, त्यामुळे आलेखाचा गुंता होतो. शिवाय पडताळ्याला फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं दर्शक) घातलं, तर त्याचा गुलाबी त्या लाल रंगात दिसणार कसा? आगळ सोलकढीलाच ठेवा.

व्हिनेगर गाळून, पाणी घालून १० मिलीचं १०० मिली करा. त्यातलं २५ मिली पिपेटने बीकरमध्ये घ्या. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या आखीव नळीत, सुमारे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड भरा. हे थोडंथोडं बीकरमध्ये सोडून आम्ल संपवायचं आणि दर वेळी पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्ल) मोजायचा. हातमोजे आणि चष्मा घालायला विसरू नका.

आमच्याकडे जून-जुलैत सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे वजनकाट्यावर ठेवले की बघता बघता ओले होतात, वर हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतात. वजन करून अचूक द्रावण बनवणं अशक्यच. व्हिनेगर किती टक्के आहे हे सांगायचं असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून त्याची खरी तीव्रता काढावीच लागते. पीकेएसाठी मात्र त्यावाचून अडत नाही, कारण इथे फक्त घनफळांचं गुणोत्तर लागतं आणि तीव्रता वर-खाली दोन्हीकडून कटते. दाणे मात्र ताजे घ्या. फार कार्बोनेट झालेलं असेल तर आम्ल संपताना पीएच जी उडी घेतो ती बोथट होते.

म्हणून जीव टाकायचा तो पीएच मीटरवर. ४ आणि ७ च्या बफरने (पीएच ठरलेला असतो अशा द्रावणांनी) तो आधी जुळवा, तेही ज्या तापमानाला प्रयोग करणार त्याच तापमानाला. मीटर ०.१ ने चुकला तर केए तब्बल २६ टक्क्यांनी चुकतो. ब्युरेटचा एखादा थेंब इकडचा तिकडे झाल्याने एवढं बिघडत नाही.

आता दर वेळी १ मिली सोडा, ढवळा, आकडा स्थिरावू द्या, लिहा. पीएच झपाट्याने चढायला लागला की ०.१ मिलीवर या. उडी संपल्यावरही तीनचार मिली पुढे जा. इथेच आळस नडतो, कारण उडीचा वरचा भाग नसेल तर मध्य कुठे ते कळत नाही. उडी सर्वांत उभी असते तो समतुल्य बिंदू, म्हणजे सगळं आम्ल संपतं ती जागा. तो पीएच ७ वर येईल अशी अपेक्षा ठेवू नका, इथे तो ८.७ च्या आसपास येतो, कारण तयार झालेलं सोडियम ॲसिटेट आम्लारीधर्मी आहे.

समजा तो २०.८ मिलीला आला. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १०.४ मिलीला, अर्धं आम्ल उरलेलं असतं आणि अर्ध्याचं मीठ, म्हणजे सोडियम ॲसिटेट, झालेलं असतं.

पीएच = पीकेए + लॉग (मीठ ÷ आम्ल)

गुणोत्तर १, त्याचा लॉग ०, म्हणजे तिथला पीएच हाच पीकेए.

पण एका वाचनावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. गुन्नार ग्रान या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाची युक्ती यापेक्षा भरवशाची. समतुल्य बिंदूच्या अलीकडच्या प्रत्येक वाचनासाठी तोवर सोडलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडचं घनफळ गुणिले हायड्रोजन आयनांची तीव्रता (१० चा उणे पीएच इतका घात) काढा आणि ते त्याच घनफळासमोर आलेखावर मांडा. सरळ रेषा येते. तिचा उतार उणे केए, आणि ती आडव्या अक्षाला छेदते तो समतुल्य बिंदू.

उदाहरणार्थ, ५, १० आणि १५ मिलीला पीएच ४.१८, ४.६५ आणि ५.०९ आहे. गुणाकार येतात ०.०००३३०, ०.०००२२४ आणि ०.०००१२२. दहा मिलीत घट ०.०००२०८, म्हणजे केए ०.००००२०८ आणि पीकेए ४.६८. रेषा अक्षाला २०.९ मिलीजवळ छेदते, उडीशी जवळपास जुळतं. अगदी सुरुवातीची दोनतीन वाचनं आणि उडीला चिकटलेली वाचनं यातून वगळा, तिथे हे सूत्र लंगडं पडतं.

पुस्तकात पीकेए ४.७६ दिलेला असतो. म्हणून ४.६८ खोडून ४.७६ लिहू नका. पुस्तकातला आकडा अतिविरल द्रावणाचा असतो. तुमच्या बीकरमध्ये मिठाचे आयन आहेत, ते पीएच थोडा खाली ओढतात, आणि ०.०७-०.०८ चा फरक त्यांच्यामुळेच पडू शकतो. वहीत तीव्रता आणि तापमान लिहून ठेवा. ब्युरेट लगेच धुवा, नाहीतर काचेची तोटी अशी घट्ट बसते की पुढच्या बॅचला फिरवताच येत नाही.