शेतात उंदरांचे पिंजरे लावताना या चुका टाळा

हरभऱ्याला घाटे धरले की तापीकाठच्या काळ्या रानात बांधाला ताज्या मातीचे ढीग दिसायला लागतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांचं दुखणं वेगळं. ठिबकच्या नळ्या रात्री कुरतडल्या जातात आणि पाणी सोडल्यावरच ते कळतं. मग माणूस घाईने बाजारातून पाच-सहा पिंजरे आणतो, त्याच संध्याकाळी लावतो, आणि सकाळी सगळे रिकामे. आठवड्याभरात ते गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडतात.

चूक पिंजऱ्याची नसते. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, दोन-तीन रात्री लांबूनच हुंगतो. म्हणून पहिले तीन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवा, आत खाणं टाका, त्याला बिनधास्त ये-जा करू द्या. चौथ्या संध्याकाळी दार सोडून चाप अडकवा. मला हे कळेपर्यंत एक अख्खा रब्बी हंगाम हातचा गेला होता.

जागाही चुकते. वावराच्या मधोमध पिंजरा ठेवून काही हाती लागत नाही. एका संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. तिथे काडी रोवून खूण करा. बिळापासून निघणारी, गवत दबलेली चिंचोळी वाट शोधा आणि पिंजऱ्याचं तोंड त्या वाटेकडे करा. उभ्या हरभऱ्यात पिंजऱ्यात हरभराच ठेवला तर उंदीर त्यासाठी कशाला येईल? तेल लावलेला कळण्याच्या भाकरीचा तुकडा किंवा खरपूस भाजलेले शेंगदाणे ठेवा.

बोंबील मात्र ठेवू नका. एकदा मी ठेवला, आणि सकाळी उशिरा गेलो तर आत मुंगूस! जाळीला तोंड घासून रक्त काढलं होतं बिचाऱ्याने. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, काठीने दार उचललं, तेव्हा ते सुटलं. तेव्हापासून नियम केलाय: दिवस उगवताच पिंजरे बघायचे आणि संध्याकाळपर्यंत दारं मिटून ठेवायची. शेतातला उंदीर बहुतेक रात्रीच फिरतो, मुंगूस दिवसा. एवढ्या वेळेच्या फरकाने त्याचा जीव वाचतो.

सगळ्यात मोठी चूक, आणि ती मला मनापासून टोचते, म्हणजे रानडुकरासाठी बांधावर लावलेला तारेचा फासा. फाशाला डुक्कर कोणतं आणि कोल्हा कोणता ते कळत नाही. रानमांजर, कोल्हा, मुंगूस हेच तर आपले उंदीर खातात. वावर माझं, सातबारा माझ्या नावावर, मग मला कोण अडवणार, असं म्हणणारे भेटतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं, फासा लावणं, आमिष टाकणं, नुसता तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच आहे, आणि जमीन कुणाची याने त्यात फरक पडत नाही. मुंगसाच्या केसांचे ब्रश बनतात; कुणी केस किंवा कातडं मागत गावात आला तर त्याला वाटेला लावा आणि वनरक्षकाला कळवा. डुकराने पीक उकरलं तर लगेच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या, भरपाईची तरतूद आहे.

पिंजऱ्यांसोबतच झिंक फॉस्फाईडचं आमिष टाकायची घाईही नको. थोडं खाऊन आजारी पडलेला उंदीर पुढे तसलं खाणं टाळतो, आणि विषाने मेलेला उघड्यावर पडला तर कुत्रं किंवा घुबड त्याला खातं.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात पुरा, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

पिंजरे बाहेर काढायची खरी वेळ म्हणजे गहू निघाल्यावर. तेव्हा वावर मोकळं असतं आणि उंदीर बांधालाच उरतो. पण शेजारच्या भाऊलाही त्याच आठवड्यात पिंजरे लावायला सांगा. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते. एकट्याने बांध साफ केला तर पेरणीपर्यंत त्याच्याकडची पिल्लं मोठी होऊन तुमच्या बिळांत राहायला येतात.