अर्जाचा निबंध ६५० शब्दांत बसवताना

अमेरिकी विद्यापीठांच्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक प्रवेश-अर्जातील मुख्य निबंधाला किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांची मर्यादा असल्यामुळे पहिला खर्डा मोकळेपणाने लिहावा आणि कात्री नंतर चालवावी. ती आधी प्रस्तावनेवर चालवावी, कारण ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती’ अशा वाक्याने सुरू होणारा परिच्छेद अख्खा गाळला तरी बहुधा काही बिघडत नाही. गुण आणि पदके अर्जात अन्यत्र नोंदवलेली असतात. त्यांची उजळणी नको. (थोरामोठ्यांची सुवचनेही, खरे तर, वगळावीत.) मग मजकूर मोठ्याने वाचून, एकच मुद्दा दोनदा आला असेल तिथले दुबळे वाक्य काढावे. ६५०चा आकडा गाठलाच पाहिजे असे मात्र नाही. सांगायचे ते ५५० शब्दांत संपले, तर तिथेच थांबावे.