प्रवर्तक व संचालकांच्या समभाग व्यवहारांची तुलना कॅल्कमध्ये कशी करावी

अमळनेरला १९४५ साली सुरू झालेल्या वनस्पती तेलाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि तिथल्या अनेक कुटुंबांनी तिचे समभाग पिढ्यानपिढ्या जपले. आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडेही डीमॅट खाती असणारी घरे पुष्कळ आहेत. आपल्या कंपनीचे प्रवर्तक (कंपनी उभारणारे व तिच्यावर नियंत्रण असणारे) आणि संचालक स्वतः समभाग घेत आहेत की विकत आहेत, ही माहिती यातील प्रत्येक भागधारकाला विनामूल्य मिळू शकते. पण ती आहे तशी वाचली, तर बहुतेक वेळा चुकीचाच निष्कर्ष निघतो. तुलना नीट करण्यासाठी लिब्रेऑफिस कॅल्क हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर होणारे व्यवहार) प्रतिबंधक विनियमांनुसार प्रवर्तक, संचालक किंवा नियुक्त व्यक्ती (आतली माहिती हाती येऊ शकते म्हणून कंपनीने ठरवलेले कर्मचारी वगैरे) यांच्या एका तिमाहीतील व्यवहारांचे मूल्य १० लाख रुपयांच्या वर गेले की त्यांनी २ ट्रेडिंग दिवसांत कंपनीला, आणि कंपनीने त्यापुढील २ ट्रेडिंग दिवसांत शेअर बाजाराला कळवायचे असते. त्यामुळे शेअर बाजाराच्या यादीत नाव दिसले नाही म्हणून त्या व्यक्तीने व्यवहारच केला नाही, असे समजू नये.

एनएसई या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कॉर्पोरेट फायलिंग्ज विभागात इनसायडर ट्रेडिंगची यादी असते. तेथे कंपनी आणि कालावधी निवडून सीएसव्ही फाइल (तक्त्याची साध्या मजकुरातील फाइल) उतरवून घ्यावी. कॅल्कमध्ये ती उघडताना येणाऱ्या खिडकीत तारखेच्या स्तंभांना 'दिवस-महिना-वर्ष' हा प्रकार द्यावा, नाहीतर तारखा मजकूर म्हणून शिरतात आणि पुढची सगळी गणिते अडतात. मूळ पत्रक (शीट) न बदलता त्याची प्रत करून काम करावे. बरीच माहिती आता डिपॉझिटरींच्या (डीमॅट समभागांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या) नोंदींवरून आपोआप बाजाराकडे जाते आणि काही कंपन्या स्वतःही कळवतात, म्हणून एकच व्यवहार दोनदा आलेला असू शकतो. नाव, तारीख आणि समभागसंख्या तिन्ही जुळत असतील, तर ती नोंद एकदाच ठेवावी.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. व्यवहार कोणत्या मार्गाने झाला, हे सांगणाऱ्या स्तंभावर ऑटोफिल्टर (हव्या तेवढ्याच ओळी दाखवणारी सोय) लावून बाजारातील खरेदी आणि बाजारातील विक्री एवढेच ठेवावे. ईसॉपमधून (कर्मचाऱ्यांसाठीच्या समभाग योजनेतून) मिळालेले समभाग हा मोबदल्याचा भाग असतो, प्रवर्तक कुटुंबातील आपसांतील हस्तांतर किंवा भेट यात पैसा बाजारातून येत नाही, आणि प्लेज (कर्जासाठी समभाग तारण ठेवणे) म्हणजे विक्री नव्हे. सराफाकडे दागिना गहाण ठेवला म्हणून तो विकला, असे कोणी म्हणत नाही. मात्र कर्ज थकल्यामुळे सावकाराने प्लेज वापरून समभाग ताब्यात घेतले असतील, तर ती नोंद गंभीर असते. ती वेगळ्या पत्रकावर काढून ठेवावी.

आता रक्कम पाहण्याऐवजी प्रमाण पाहावे. समजा, समभागाचा भाव ५०० रुपये आहे. एका संचालकाकडे ५० लाख समभाग असून त्याने १० हजार घेतले, तर दुसऱ्याने आपल्या ८ हजारांत ४ हजारांची भर घातली. पहिल्याने ५० लाख रुपये घातले आणि दुसऱ्याने २० लाख. पण पहिल्याची धारणा (हातातील एकूण समभाग) ०.२ टक्क्याने वाढली आणि दुसऱ्याची ५० टक्क्यांनी. माझ्या मते दुसरी नोंद कितीतरी बोलकी आहे. हे प्रमाण काढण्यासाठी नव्या स्तंभात व्यवहारातील संख्येला आधीच्या धारणेने भागावे. बोनसमुळे (भागधारकांना मिळणाऱ्या मोफत जादा समभागांमुळे) या प्रमाणात फरक पडत नाही, परंतु समभागांच्या संख्यांची बेरीज करायची असेल तर पडतो: विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये १:१ बोनस दिला, म्हणून त्याआधीच्या संख्या दुप्पट केल्याशिवाय पुढच्या संख्यांशी जोडू नयेत.

महिन्यांची तुलना सहसा टाळावी. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो (या लोकांना व्यवहाराची मुभा असलेला काळ) बंद असते, त्यामुळे निकालानंतर एकदम नोंदी वाढणे स्वाभाविक आहे. पायव्हट टेबलमध्ये (नोंदींची गटवार बेरीज करणाऱ्या तक्त्यात) नाव ओळींत आणि तिमाही स्तंभांत घ्यावी, आणि या वर्षीची तिमाही मागील वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहावी. विप्रो आणि जळगावची जैन इरिगेशन यांच्यासारख्या वेगळ्या व्यवसायांतील कंपन्या एकमेकींशी तोलण्यापेक्षा प्रत्येकीची तुलना तिच्याच मागील नोंदींशी करणे अधिक उपयुक्त ठरते. एकाच तिमाहीत अनेक संचालकांनी स्वतंत्रपणे खरेदी केली असेल, तर तिकडे आधी लक्ष द्यावे. विक्रीचा अर्थ लावताना संयम हवा, कारण घर, लग्न किंवा कर यांसाठीही समभाग विकले जातात.

शेवटी विलंब तपासावा. व्यवहाराची तारीख आणि कंपनीला कळवल्याची तारीख यांतील दिवस नेटवर्कडेज (NETWORKDAYS, कामाचे दिवस मोजणारे) या सूत्राने निघतात. त्यात बाजाराच्या सुट्यांची यादी द्यावी आणि हे सूत्र पहिला दिवसही मोजत असल्याने उत्तरातून १ वजा करावा. २ पेक्षा मोठा आकडा आला, तर लगेच दोष न देता बाजाराच्या संकेतस्थळावरील मूळ नोंद उघडून पाहावी. बरेच व्यवहार मिळून १० लाखांची मर्यादा ओलांडली असेल, तर मुदत ती ओलांडणाऱ्या व्यवहारापासून मोजली जाते.