ब्राउझरचे सुरक्षा अपडेट पूर्ण कसे करावे आणि खरी सूचना कशी ओळखावी

संगणकावरील क्रोमचे सुरक्षा अपडेट बहुतेक वेळा आपोआप डाउनलोड होते. परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ते लागू होत नाही, आणि ब्राउझर आठवडाभर उघडाच ठेवणाऱ्यांचा धोका नेमका इथेच वाढतो.

सर्वप्रथम वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांकडे पाहावे. अपडेट बाकी असेल तर तेथे रंगीत खूण किंवा तशी सूचना दिसते. हिरवा रंग असल्यास अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नसतात, नारिंगी असल्यास सुमारे चार दिवस आणि लाल असल्यास किमान आठवडा झालेला असतो. लाल रंग दिसेपर्यंत थांबू नये. खूण नसली तरी ‘हेल्प’मधील ‘अबाउट गूगल क्रोम’ हे पान अधूनमधून उघडावे, कारण ते उघडताच ब्राउझर नवी आवृत्ती शोधतो, मिळाल्यास डाउनलोड करतो आणि ‘रीलाँच’ हे बटण दाखवतो. बटण दाबण्यापूर्वी अर्धवट भरलेला फॉर्म पूर्ण करावा; उघडे टॅब परत येतात, इन्कॉग्निटोमधले मात्र येत नाहीत. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट फायरफॉक्स’ येथे हीच सोय आहे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये पाहावे.

अपडेटमध्ये काय दुरुस्त झाले, हे गूगलच्या निवेदनात कळते. तेथे त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा ओळख क्रमांक) आणि तीव्रता दिलेली असते. पण आधी शोधावे ते त्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे सांगणारे वाक्य. ११ सप्टेंबर २०२३ च्या निवेदनात ते होते. वेबपी या स्वरूपातील चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतील (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचातील) सीव्हीई-२०२३-४८६३ ही त्रुटी ॲपल आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब हा संशोधन गट यांनी ६ सप्टेंबरला कळवली होती; हीच लायब्ररी वापरणाऱ्या फायरफॉक्सनेही दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती दिली. अशी निवेदने त्रोटक असतात, कारण बहुसंख्य लोकांपर्यंत दुरुस्ती पोहोचेपर्यंत तपशील राखून ठेवले जातात. हे योग्यच आहे, कारण हल्लेखोरही तीच निवेदने वाचतात. भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्थाही ब्राउझरमधील त्रुटींविषयी इशारे प्रसिद्ध करते.

एखाद्या संकेतस्थळावरच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे क्लिक करा’ असा संदेश झळकला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. अशा बनावट सूचनांमधून घातक प्रोग्राम पसरवले जातात. तो टॅब बंद करावा, एखादी फाइल डाउनलोड झालीच असेल तर ती न उघडता काढून टाकावी आणि ‘अबाउट’ पानावर जाऊन स्वतः तपासावे.