काल ‘हॅड गॉन’ कशाला? ‘गो’ वापरताना या चुका टाळा

काल कुठे होतात असं विचारलं की चांगली शिकलेली माणसंही सांगतात, ‘आय हॅड गॉन टू पुणे’. ही चूक मराठीतून आलेली असते. आपण ‘काल पुण्याला गेलो होतो’ म्हणतो, आणि त्या ‘होतो’त जाऊन परत आल्याचं आपोआप येतं. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ लागतं ते मागे घडलेल्या एका गोष्टीच्याही आधीचं जाणं सांगायला: मी स्टेशनवर पोचलो तोवर गाडी गेली होती. एरवी ‘आय वेंट टू पुणे येस्टरडे’, बस्स.

तशीच गडबड ‘हॅव गॉन’ची. नाशिकला समोर बसून कोणी ‘आय हॅव गॉन टू दुबई’ म्हणाला, तर मग हा बोलतोय कोण? जो गेलाय आणि अजून तिथेच आहे तो ‘हॅज गॉन’. जाऊन आला असेल तर ‘हॅज बीन’.

‘डिड यू वेंट’ ऐकलं की मला अजून कसंतरी होतं. भूतकाळ ‘डिड’नेच दाखवला, आता साधं ‘गो’ पुरे. ‘गो’चं ‘वेंट’ कसं होतं म्हणून वैतागू मात्र नका. ‘वेंट’ हे खरं ‘वेंड’ या जुन्या क्रियापदाचं रूप, ‘गो’ने ते आपलंसं केलं. आपलं तरी काय, ‘जाणे’चं ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतं. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूचं, ‘गेला’ ‘गम्’चा.

‘गो टू होम’ टाळायला मराठीच कामी येते. पुण्याला, बाजाराला म्हणताना ‘ला’ लावतो, पण घरी, बाहेर, तिकडे, परदेशी जाताना लावत नाही. इंग्रजीतही या चारही ठिकाणी ‘टू’ नाही: गो होम, गो आउट, गो देअर, गो अब्रॉड. खरेदीला जायचं तर ‘गो शॉपिंग’, मधे ‘फॉर’ नको. फिरायला जाताना मात्र ‘गो फॉर अ वॉक’.

राहिलं निरोपाचं. ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो हं’ म्हणतो. तेच ‘आय ॲम कमिंग’ करून इंग्रज यजमानाच्या घरून निघालात, तर तो बिचारा दार उघडं ठेवून उभा राहील. ‘आय ॲम ऑफ’ म्हणा आणि निघा.